जुन्या गाडीचा उतरलेला रंग: मित्रांच्या मदतीने दोन दिवसांत करायचे काम

जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, आरसी आणि विम्याची मुदत तपासतो. रंगाचा विषय मात्र "पॉलिश मारले की होईल" या एका वाक्यात संपवतो. आमच्यातल्या एका मित्राने गेल्या हिवाळ्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराकडून गडद निळ्या रंगाची, दहा वर्षे वापरलेली हॅचबॅक घेतली, तेव्हा त्यानेही हेच म्हटले होते. गाडी चालायला ठणठणीत होती, पण अनेक वर्षे बागेच्या कडेला उघड्यावर उभी राहिल्यामुळे बॉनेटवर पांढरट-निळसर ठिपके पडले होते, टपावर दुधाळ झाक आली होती आणि ऊन तिरपे पडले की दारांवर गोल गोल ओरखड्यांचे जाळे दिसत होते. आम्ही चौघांनी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये शनिवार-रविवार घालवून ती गाडी बरीच सावरली. हे काम पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी त्याची पद्धत इथे क्रमाने मांडली आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी पत्र्यावर नेमके काय असते ते समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. पॉलिश करणे म्हणजे वरून चमक लावणे नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे, म्हणजे पॉलिश. जो थर घासला गेला तो परत येत नाही. म्हणून या कामात "अजून थोडे मारू या" म्हणणाऱ्या मित्रापेक्षा "आता पुरे" म्हणणारा मित्र अधिक उपयोगी पडतो.

काही जुन्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या आणि लाल रंगांत, वेगळा क्लिअर कोट नसतो; रंगाचाच वरचा भाग चमकतो. ते ओळखण्यासाठी पांढऱ्या फडक्यावर (गाडीच पांढरी असेल तर गडद फडक्यावर) किंचित पॉलिश घेऊन एखाद्या कोपऱ्यात हलकेच घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी आहे असे समजावे. असा रंगही पॉलिशने उजळतो, किंबहुना पांढुरका पडलेला एकथरी लाल रंग जितका उजळतो तितके दुसरे काहीच उजळत नाही. मात्र पॉलिशच्या मशीनला लावायचे फोमचे पॅड झपाट्याने रंगाने माखतात, त्यामुळे ते जास्त ठेवावे लागतात.

काय निघेल आणि काय निघणार नाही

गाडी एकदा धुऊन वाळली की ती सावलीत घेऊन एलईडी टॉर्च तिरपी धरून पाहावी. पार्किंगमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्याच गाड्या बऱ्या दिसतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, दुधाळ झाक आणि पाण्याचे वरवरचे डाग पॉलिशने जातात किंवा पुष्कळ कमी होतात. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा घासून काढण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तळ गाठेपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट संपलेला असेल. टपावर किंवा बॉनेटवर साल निघाल्यासारखे पापुद्रे दिसत असतील तर तिथे क्लिअर कोटच सुटलेला असतो आणि त्यावर पुन्हा रंग देण्याखेरीज उपाय नाही. अशा जागी मशीन लावले की पापुद्र्याची कड आणखी उचलली जाते.

पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग ओळखणेही आवश्यक आहे. तिथल्या रंगाची जाडी आणि कठीणपणा कारखान्यातल्या रंगासारखा असेलच असे नाही. जाडी मोजण्याचे उपकरण कोणाकडे मिळाले तर सोन्याहून पिवळे. बाकी सगळीकडे ११० ते १२० मायक्रॉन आणि एकाच दारावर ३०० दिसले, तर त्या दाराची हकिकत वेगळी आहे. उपकरण नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक फिरवावे. जिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, जाड भरलेली असते तिथे ते नीट धरत नाही. आमच्या निळ्या गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डवर ते अक्षरशः घसरून खाली आले, आणि मित्राच्या चेहऱ्यावरचा रंगही त्याच वेळी उतरला.

वेळ, जागा आणि माणसे

नाशिकमध्ये या कामासाठी दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातल्या बॉनेटवर हात टेकवत नाही; तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पॉलिश क्षणात वाळून नवे डाग पडतात. पावसाळ्यात पार्किंगमध्येही हवा इतकी दमट असते की फडकी वाळत नाहीत. हिवाळ्यात मात्र सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून मशीनचे काम नऊ-दहाच्या पुढे, गाडी पूर्ण कोरडी झाल्यावरच सुरू करावे. जागा सावलीची हवी, पण झाडाखालची नको.

पाण्याचा विचार आधीच करावा. अनेक सोसायट्यांमध्ये वापरासाठी बोअरचे पाणी असते आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. ते गाडीवर वाळले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांची पांढरी कडी उरते. धुण्याचा बराचसा भाग बोअरच्या पाण्यावर उरकला तरी चालेल, पण शेवटचे पाणी नळाचे, म्हणजे महापालिकेचे असावे, आणि ते वाऱ्यावर वाळू न देता लगेच टिपून घ्यावे. नळाला पाणी येण्याची वेळ पाहून दोन बादल्या भरून ठेवल्या की हा प्रश्न सुटतो.

चौघे असतील तर चौघांना चार कामे द्यावीत. एक धुतो, एक वाळवतो, एक मशीन चालवतो, आणि चौथा, जो सर्वांत काटेकोर असेल तो, फडक्यांचा कारभारी होतो. हे पद थट्टेचे वाटेल, पण ओरखडे नव्याने पडतात ते फडक्यांमुळेच. रंगावरची, काचांची आणि चाकांची फडकी वेगवेगळ्या रंगांची घ्यावीत, आणि जे फडके जमिनीवर पडेल ते त्या दिवसापुरते बाद करावे, मग ते पाडणारा कितीही जिवलग असो.

धुणे

आमच्या अनुभवात अर्धे काम धुण्यातच असते. गाडीवर जाळे पडते ते बहुतेक वेळा रोज सकाळी कोरड्या किंवा एकाच बादलीत पिळलेल्या फडक्याने धूळ पुसल्यामुळे. नाशिकरोड-एकलहरे भागात औष्णिक वीज केंद्राची राख, सातपूर-अंबडला कारखान्यांची आणि रस्त्यांच्या कामांची धूळ, अशी बारीक पूड पत्र्यावर बसलेली असते. तिच्यावरून फडके ओढणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे.

आधी चाके आणि टायर धुऊन घ्यावेत, म्हणजे तिथला चिखल नंतर धुतलेल्या दारांवर उडत नाही. मग हात न लावता नुसत्या पाण्याच्या धारेने वरून खाली जेवढी धूळ निघेल तेवढी काढावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करावी, एक भाग झाला की तो साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी घ्यावेत. मोजा गोल न फिरवता सरळ रेषेत फिरवावा आणि त्यावर जोर देऊ नये. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. पॉलिशपूर्वी जुने मेण काढायला साबण चालतो असे सांगणारे भेटतील, पण ते काम पुढच्या पायऱ्यांत आपोआप होते.

चिकटलेला मळ

धुऊन वाळलेल्या बॉनेटवर हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोटे हलकेच फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत, रवा सांडल्यासारखा लागतो. हा मळ क्लिअर कोटला चिकटून बसलेला असतो आणि शाम्पूने निघत नाही. त्यात ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात, डांबराचे शिंतोडे असतात, झाडावरच्या किडीचा चिकट स्राव असतो. तो काढल्याशिवाय मशीन लावले तर पॅड तेच कण गोळा करून सगळीकडे फिरवते.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर फवारावा. दोन-तीन मिनिटांत जिथे कण असतील तिथे जांभळे ओघळ दिसू लागतात आणि नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत. हातात मोजे असावेत, द्रव वाळू देऊ नये आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने मऊ करून पुसावेत.

बागेजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे दुखणे निराळे. द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो, आणि वाऱ्याने आलेले त्याचे तुषार वाळले की निळसर पांढरे ठिपके घट्ट बसतात. निफाड, ओझर, दिंडोरीकडच्या गाड्यांवर ते पाहायला मिळतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, त्यात भिजवलेले फडके ठिपक्यांवर दोनेक मिनिटे ठेवावे, हलकेच टिपावे आणि लगेच धुवावे. पाण्याच्या क्षारांच्या डागांनाही हाच उपाय लागू पडतो. आमच्या बॉनेटवरचे बहुतेक ठिपके याने गेले. जे जुने होते त्यांच्याखाली क्लिअर कोटमध्ये उथळ खळगे पडलेले होते. ते काही व्हिनेगरने भरून येत नाहीत.

उरलेला मळ क्ले बारने काढायचा. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते. तिचा पेढ्याएवढा तुकडा चपटा करून, भरपूर शाम्पूचे पाणी किंवा क्ले लुब्रिकंट फवारून, दीड-दोन फूट चौकोनात सरळ रेषेत हलकेच फिरवावा. सुरुवातीला तो अडखळतो आणि खरखर ऐकू येते. काही फेऱ्यांनंतर तो निःशब्द घसरू लागतो, तेव्हा ती जागा झाली. प्रत्येक भागानंतर वडी दुमडून आतली स्वच्छ बाजू बाहेर घ्यावी. जमिनीवर पडलेली वडी फेकून द्यावी. आमच्यातल्या एकाने पडलेला तुकडा गुपचूप उचलून पुन्हा चालवला आणि उजव्या दारावर सरळ रेघांची जी कंगव्यासारखी नक्षी उमटली, ती काढायला रविवारचा एक तास गेला.

शनिवार इथेच संपवावा.

मशीन

रविवारी सकाळी मिसळ खाऊन कामाला बसण्याची प्रथा मोडण्याचे कारण नाही, फक्त हात साबणाने स्वच्छ धुवावेत; तर्रीचे बोट पांढऱ्या फोमच्या पॅडवरून जात नाही.

नवख्या माणसाने ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरच वापरावा. त्यात पॅड स्वतःभोवती फिरत असतानाच लहान वर्तुळात डोलतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही आणि जास्त दाबले तर पॅडचे फिरणे थांबते. गॅरेजमध्ये रबिंगसाठी वापरतात ते रोटरी मशीन एकाच अक्षावर फिरते, झटपट कापते आणि तितक्याच झटपट जाळते. काही वर्षांपूर्वी मी भाड्याने आणलेले रोटरी मशीन स्वतःच्या गाडीच्या मडगार्डच्या कडेवर जेमतेम चार-पाच सेकंद जास्त धरले, आणि रंगाखालून प्रायमरची राखाडी रेघ वर आली. ती अजून तिथे आहे.

कडा, पत्र्याच्या उठावाच्या धारा, रबरी बीडिंग, काळे प्लास्टिक, दिव्यांच्या फटी आणि मानचिन्हे यांवर मास्किंग टेप लावावी. धारेवर रंग सर्वांत पातळ बसलेला असतो, आणि काळ्या खरबरीत प्लास्टिकवर कंपाउंड (पॉलिशहून भरड, जास्त घासणारे द्रव्य) वाळले की पांढरे डाग दात घासायच्या ब्रशने टोकरत बसावे लागते. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे तिथे उष्णता पसरत नाही; तिथे हात आणखी हलका ठेवावा. विजेची वायर खांद्यावरून मागे टाकावी, म्हणजे ती पत्र्यावर घासत नाही, आणि धुण्याचे पाणी पूर्ण निथळल्याशिवाय एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, जी उत्साहाच्या भरात नेमकी गाळली जाते. बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखून फक्त तिथेच प्रयोग करावा. सुरुवात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने करावी. पुरेसे उजळले नाही तर तेच पॉलिश थोड्या कडक पॅडवर घ्यावे, आणि तरीही नाही तरच कंपाउंडकडे वळावे. थेट कंपाउंडने सुरुवात केली तर कमी घासून काम भागले असते का, हे कधीच कळत नाही. निळ्या गाडीच्या टपाला कंपाउंड लागले. दारांचे जाळे मात्र मध्यम पॅड आणि पॉलिशवरच निघाले. एकाच गाडीच्या दोन भागांना दोन वेगळे उपचार लागू शकतात.

नव्या पॅडवर आधी पॉलिशचा पातळ हात सगळीकडे चोळून घ्यावा आणि मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब ठेवावेत. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करावे, नाहीतर पॉलिश तिघांच्या शर्टांवर उडते. आधी मंद गतीवर चौकोनभर पसरवून मग सहापैकी चार किंवा पाच क्रमांकावर न्यावे. सेकंदाला साधारण इंचभर या चालीने आडव्या ओळी घालाव्यात, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी यावी, आणि मग तोच चौकोन उभ्या ओळींनी घ्यावा. अशा चार ते सहा फेऱ्या पुरतात. दाब मशीनच्या वजनाहून किंचित जास्त असावा. पॅड फिरते आहे की नुसते थरथरते आहे हे कळावे म्हणून बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर बसते तिच्या, कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवावी. रेघ फिरताना दिसली नाही तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरपे टेकले आहे. प्रत्येक चौकोनानंतर पत्र्याला उलटा हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका नको. पॅडही दर वेळी ब्रशने साफ करावे आणि चार-पाच पॅड आलटून पालटून वापरावेत.

एक पत्रा एकाच माणसाने पूर्ण करावा. आम्ही हौसेने बॉनेट दोघांत वाटून घेतले होते. एकाचा हात जड, दुसऱ्याचा हलका; दुपारी गाडी उन्हात काढली तेव्हा मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ दिसली आणि उजवी बाजू पुन्हा करावी लागली.

पॉलिशमधले तेल बारीक ओरखड्यांत भरून बसते आणि काम झाले असे भासवते. म्हणून प्रत्येक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल सुमारे १५ टक्के आणि बाकी पाणी अशा मिश्रणाने पुसून, मगच टॉर्चने पाहावे. ओरखडे परत दिसले तर आणखी एक आवर्तन द्यावे, पण दोन आवर्तनांनंतरही जे उरते ते राहू द्यावे. गाडी तीन फुटांवरून छान दिसली की पुष्कळ झाले. कंपाउंड वापरलेल्या भागांवर गडद रंगात पुसट धुके राहते, ते मऊ पॅड आणि बारीक पॉलिशच्या एका आवर्तनाने जाते.

संरक्षण

नुकत्याच पॉलिश झालेल्या पत्र्यावर जुने मेण किंवा सीलंट (मेणासारखेच वरून लावायचे कृत्रिम आवरण) काहीच उरलेले नसते, त्यामुळे त्याच दिवशी त्यावर नवे आवरण चढवावे. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते लावायला सोपे, दिसायला उबदार, पण आपल्याकडच्या उन्हात महिना-दोन महिन्यांत ओसरते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो, आणि नवख्यासाठी माझी शिफारस त्याचीच आहे. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते, पण ते चुकीचे पुसले गेले तर डाग कडक होऊन बसतात आणि पुन्हा मशीन काढावे लागते; पहिल्याच गाडीवर तो धोका पत्करू नये. सीलंट अगदी पातळ लावावा, डब्यावर दिलेला वेळ थांबावे आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे. पुढचे २४ तास गाडीला पाणी लागू देऊ नये.

नंतर खरी अडचण येते ती रोजच्या पुसण्याची. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांना दोन बादल्या आणि दोन मायक्रोफायबर फडकी आपणच आणून द्यावीत आणि कोरडे पुसू नका असे नीट समजावून सांगावे. ते जमण्यासारखे नसेल तर रोजचे पुसणे बंद करून आठवड्यातून एकदा धुण्याचे ठरवावे. गाडी रोज थोडी धुळकट दिसेल, शेजारचे काका एकदा तरी विचारतील, पण जाळे परत पडणार नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारची वाट न पाहता ओल्या फडक्याने भिजवून त्याच दिवशी उचलावी, कारण उन्हात ती काही तासांतच क्लिअर कोटमध्ये उतरते. रंगपंचमीच्या दिवशी गाडी झाकून ठेवावी. ओळखीतल्या एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर गुलाबी पंजा वर्षभर होता.

वापरलेली फडकी घरच्या कपड्यांत टाकू नयेत. ती वेगळी, कोमट पाण्यात पातळ साबणाने धुवावीत, फॅब्रिक कंडिशनर घालू नये आणि सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. आमचा डबा सध्या फडक्यांच्या कारभाऱ्याकडेच आहे आणि तो विचारल्याशिवाय कोणालाही देत नाही.